थंडीतली आमची पद्मिनी

मैत्रिणींनो, तुळशीचे लग्न लागले आणि न्हाणीघरातले खोबरेल तेल बाटलीत गोठू लागले, की थंडी आली हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. माळ्यावरची ट्रंक खाली येते, गोधड्यांना ऊन दाखवले जाते, डिंक-खारकांची यादी वाण्याकडे जाते. आमच्या घरी त्या यादीत आणखी एक काम असते. गाडीच्या इंजिनाला गरम हवेची नळी बसवायची! तुम्ही म्हणाल, "अहो बाई, हे काम पुरुषांचं, फार तर गॅरेजवाल्याचं. आम्हाला कशाला सांगता?" सांगते. ज्या घरात जुनी गाडी आहे आणि भल्या पहाटे कुणाला तरी वेळेवर दवाखान्यात पोचवायचे आहे, त्या घरात हे काम दूध तापवण्याइतकेच आपले आहे.

आमची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८४ सालची. तुमच्यातल्या तरुण मुलींना मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवत असेल, तीच ही. मूळची इटलीची फियाट ११००. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती तयार होई, आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली. त्या वेळी लोकांनी तिला हारबीर घालून निरोप दिला म्हणे. आमच्या अंगणातली मात्र अजून आठवड्यातून तीन दिवस कामाला जाते. गिअरची दांडी स्टिअरिंगखाली, पुढे सोफ्यासारखी सलग सीट, आणि मागची सीट अशी ऐसपैस की एक बाई पाय दुमडून निवांत आडवी होऊ शकते. ही शेवटची सोय आमच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची.

कारण सासूबाई. त्यांची मूत्रपिंडे थकली आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार चिंचवडला डायलिसिस असते. वेळ सकाळी सातची, यंत्रावर चार तास. अकराला त्याच खाटेवर दुसऱ्या कुणाची तरी पाळी ठरलेली असते. आपण अर्धा तास उशिरा पोचलो की तो अर्धा तास आपल्याच चार तासांतून जातो. तेवढे पाणी अंगात राहते, आणि त्याचा हिशोब रात्री होतो. धाप लागते, आडवे होता येत नाही, उशांना टेकून रात्र काढावी लागते. ज्या घरात असा पेशंट आहे त्या घरातल्या बाईला सहा वाजून वीस मिनिटे आणि सहा वाजून पन्नास मिनिटे यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

आमचे हे चाकणच्या कारखान्यात आहेत. पहिल्या पाळीची बस पहाटे साडेपाचलाच कोपऱ्यावर येते. सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, एकोणऐंशीचे आहेत. हात थरथरतात म्हणून त्यांनी गाडी सोडली. सोडण्याआधी ती मला शिकवली, एवढे मात्र केले. "लोकल आहे की दाराशी!" असे आमच्या नणंदबाईही म्हणाल्या. आहे ना. पण स्टेशनचा पूल कोण चढणार? मी दुपारच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. पहाटे सासूबाईंना घेऊन जायचे, अकराला परत निघायचे आणि साडेबाराला वर्गावर उभे राहायचे, असा आमचा कार्यक्रम.

वडगाव मावळची थंडी कशी असते, हे तुम्ही जानेवारीत पहाटे आगगाडीने पुण्याकडे गेला असाल तर खिडकीतून पाहिले असेल. भात कापून मोकळी झालेली खाचरे, पलीकडे इंद्रायणी, आणि या सगळ्यावर दुधावर साय धरावी तसे धुके. याच वडगावात १७७९ च्या जानेवारीत मराठ्यांनी इंग्रजांची फौज कोंडीत पकडली आणि तह करायला लावला, हे मी मुलांना दर वर्षी शिकवते. ते बिचारे थंडीच्या देशातले, त्यांना आमची पहाट काय वाटली असेल कोण जाणे. आमच्या पद्मिनीला मात्र ती सोसवत नाही, हे गेल्या हिवाळ्यात चांगलेच कळले.

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. समोरच्या ट्रकचे फक्त लाल दिवे दिसावेत इतके धुके. गाडी घरून निघाली ती अगदी मजेत. तळेगाव मागे पडले, सोमाटणे फाटा आला आणि ती आचके देऊ लागली. अॅक्सिलरेटर दाबावा तर जोर येण्याऐवजी आणखीच दम लागल्यासारखी करी. कशीबशी कडेला घेतली, तोच बंद. चावी फिरवली की इंजिन घरघरे, पण पेटेना. मागे सासूबाई शाल गुंडाळून, मी घड्याळाकडे बघत. पाच-सात मिनिटांनी पुन्हा चावी फिरवली तर काय, एका झटक्यात सुरू! जणू काही झालेच नव्हते. शुक्रवारी पुन्हा तेच, जवळजवळ त्याच ठिकाणी. आम्ही सव्वासातला पोचलो. त्या दिवशी सासूबाई मागून म्हणाल्या, "हिलाही माझ्यासारखं पाणी चढतंय का गं?" मला हसू आले. पण त्या जे गमतीने म्हणाल्या ते अक्षरशः खरे निघाले.

गॅरेजमध्ये गाडी दाखवली. आपण दाखवतो तेव्हा ती शहाण्या मुलासारखी वागते, हे सांगायला नकोच. दुपारी ऊन असताना ती कशाला बंद पडेल? प्लग बदलले, पॉइंट बदलले, कॉइल नवी आली, पेट्रोल पंप उघडून साफ झाला. तीन हजार रुपये गेले. सोमवारी सोमाटण्याला गाडी बंद.

या वेळी मी वाट पाहत बसले नाही. तशीच उतरले, बॉनेट उघडले आणि मोबाइलचा उजेड आत धरला. इंजिन चांगले तापलेले होते, वर हात धरवत नव्हता. पण त्याला खेटून बसलेला कार्बोरेटर थंडगार होता आणि बाहेरून ओलाचिंब. फ्रिजमधल्या तांब्याला बाहेर काढल्यावर जसा घाम फुटतो तसा. खालच्या अंगाला तर पांढुरका थर धरला होता, फ्रीझरच्या कडेला धरतो तसा. मी बोट लावून पाहिले. बर्फाचा भुगा! तापल्या इंजिनाला चिकटून बर्फ! सहाच्या अंधारात रस्त्याच्या कडेला उभी राहून मी ते बोट बघत होते आणि ट्रक बाजूने जात होते.

घरी येऊन अण्णांना सांगितले. अण्णांची स्मरणशक्ती आताशा दगा देते. सकाळचा चहा झाला की नाही, हे त्यांना आठवत नाही. धाकट्या नातवाला ते कधी कधी आमच्या यांच्या नावाने हाक मारतात. पण पूर्वी त्यांची भाताची गिरणी होती, तेलाच्या इंजिनावर चालणारी, आणि उभा जन्म त्या इंजिनाशी बोलण्यात गेला. बर्फ म्हटल्याबरोबर त्यांचे डोळे लकाकले. "अगं, तिला ऊन हवा द्यायला लागते ह्या दिवसांत. डबा कुठाय? डबा बसवला नाही का कुणी?"

कसला डबा, ते काही केल्या सांगता येईना. शेवटी माळ्यावर गिरणीच्या जुन्या सामानाचे पोते उपसले, तेव्हा तळाशी तो निघाला. डालड्याचा डबा कापून, वाकवून केलेली एक टोपी, गंजून जाळी झालेली, आणि तिला एका अंगाला नळीसाठी गोल भोक. अण्णांनी ती हातात घेतली आणि बराच वेळ सोडली नाही.

आता ही ऊन हवेची भानगड काय, ते आपल्या भाषेत सांगते. तुमच्यापैकी ज्यांनी पंपाचा स्टोव्ह वापरलाय, निदान आईला वापरताना पाहिलाय, त्यांना चटकन कळेल. स्टोव्ह पेटवताना आधी वाटीत स्पिरिट जाळून बर्नर तापवायचा आणि मगच पंप मारायचा. बर्नर गार असला तर रॉकेलची वाफ होत नाही, नुसते रॉकेल उडते आणि भडका होतो. इंजिनाचेही तसेच. पेट्रोल पातळ असताना नीट जळत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. ते काम कार्बोरेटरमध्ये होते. इंजिन हवा ओढते, ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जोरात जाते आणि जाताजाता पेट्रोलचा बारीक फवारा सोबत नेते. वजनाने पाहिले तर साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल, असे हे कालवण.

आता दुसरी गोष्ट. इंजेक्शन देण्याआधी नर्स दंडाला स्पिरिट लावते तेव्हा गार वाटते ना? स्पिरिट उडून जाताना आपल्या कातडीची उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते तेही असेच. कार्बोरेटरच्या गळ्यात पेट्रोल सारखे उडत असते, त्यामुळे तिथले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी सहज उतरते. बाहेर दहा अंश असतील तर आत शून्याच्याही खाली! आणि हवेत धुके, म्हणजे पाणीच. ते पाणी त्या गळ्यात, हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या चकतीच्या कडेला, बर्फ होऊन धरते. वाट अरुंद होत जाते, इंजिनाचा श्वास कोंडतो. गाडी थांबली, की इंजिनाची ऊब हळूहळू कार्बोरेटरपर्यंत पोचते, बर्फ वितळतो, आणि पाच मिनिटांनी बाईसाहेब पुन्हा तयार. म्हणून गॅरेजमध्ये काही सापडत नाही. चोर पाणी होऊन निघून गेलेला असतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. यात थंडी किती, यापेक्षा ओल किती, हे महत्त्वाचे. कोरड्या, हाडे गोठवणाऱ्या थंडीत हवेत पाणीच थोडे असते, तिथे हा त्रास कमी. आमच्या मावळातली आठ-दहा अंशांची धुक्याची पहाट त्यापेक्षा वाईट. लहान शिकाऊ विमानांत, ज्यांना कार्बोरेटरचे इंजिन असते, वैमानिकाच्या हाताशी कार्बोरेटरला गरम हवा देण्याची एक खास खुंटी असते. आकाशात गाडी कडेला घेऊन पाच मिनिटे थांबता येत नाही ना! इंग्लंडातल्या जुन्या मिनी गाडीत हवेच्या फिल्टरची सोंड हिवाळ्यात गरम नळीजवळ आणि उन्हाळ्यात तिच्यापासून दूर वळवून ठेवण्याची सोय होती. आमच्या अण्णांनी डालड्याच्या डब्यातून केले ते हेच.

जुना डबा कामातून गेलेला. मग मी बाजारातल्या, बादल्या-पेट्या करणाऱ्या पत्राकामवाल्याकडे गेले, अण्णांची टोपी नमुन्याला घेऊन. "कशासाठी पाहिजे, वहिनी? चुलीवर बसवायचीय?" त्यांनी विचारले. तसेच म्हणा, म्हटलं. जाड पत्र्याची टोपी करून घेतली. एक गोष्ट अण्णांनी तीनदा बजावली होती, डाख द्यायचा नाही, रिव्हेट मारायचे. कारण टोपी जिथे बसते तो भाग इतका तापतो की डाख वितळून जाईल.

ती बसते कुठे, तर इंजिनातला जळका धूर जिथून सायलेन्सरकडे जातो त्या बिडाच्या नळीवर, जिला मॅनिफोल्ड म्हणतात. नीट समजून घ्या हं, धूर इंजिनाला परत द्यायचा नाही! मॅनिफोल्ड बाहेरून रसरशीत तापतो, त्याच्या अंगावरून फिरून आलेली स्वच्छ हवा घ्यायची. तापल्या तव्यावर हात शेकावा तसे. टोपीच्या भोकापासून हवेच्या फिल्टरच्या तोंडापर्यंत हात-दीड हात लांबीची, घड्या पडणारी अॅल्युमिनियमची नळी, दोन्ही टोकांना स्क्रूच्या क्लिपा. टोपी मॅनिफोल्डला गच्च लपेटायची नाही, कडेने बोटभर फट ठेवायची, म्हणजे हवा आत शिरते. नळी पेट्रोलच्या नळीला, वायरींना, पंख्याला कुठेही घासता कामा नये. एवढी गोष्ट मी दर सोमवारी निघण्याआधी हात घालून बघते, इंजिन गार असताना.

हवा किती गरम हवी? पंधरा मिनिटे चालवल्यावर फिल्टरच्या तोंडाला हात लावला तर बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतके कोमट लागावे. चटका बसत असेल तर फार झाले. मग नळीला एक-दोन भोके पाडून थोडी गार हवा मिसळू द्यायची. फार तापलेली हवा विरळ असते, तिने गाडीचा जोर कमी होतो. म्हणूनच ही सोय बारमाही नाही. आम्ही होळीच्या सुमारास नळी काढतो. नाही काढली तर उन्हाळ्यात उलटाच घोळ होतो, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचायच्या आतच नळीत त्याची वाफ होते आणि गाडी पुन्हा बंद! पूर्वी खंडाळ्याच्या घाटात उन्हाळ्यात जागोजागी बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि पेट्रोल पंपावर ओले फडके घालणारे ड्रायव्हर तुमच्या वडिलांनी पाहिले असतील. चैत्रात ओली पट्टी, मार्गशीर्षात शेक. आजीच्या औषधांपेक्षा वेगळे काय आहे यात?

त्या घाटावरूनच दुसरे एक कोडे सुटले. अण्णा म्हणाले, "ती तापतच नाही आता पहिल्यासारखी." खरेच, तापमानाचा काटा चिंचवड येईपर्यंत खालीच पडलेला असे. उघडून पाहिले तर थर्मोस्टॅटच जागेवर नाही! ही एक छोटी झडप असते. इंजिन गार असताना ती बंद राहते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर तापते. पाणी ऐंशी अंशांच्या आसपास आले की उघडते. एक्स्प्रेस वे होण्याआधी सगळी वाहतूक जुन्या घाटाने जाई, तेव्हा गाडी तापते म्हणून ही झडप काढून फेकण्याची फॅशनच होती. आमच्या गाडीचीही अशीच कधीतरी गेलेली. तिच्याशिवाय उन्हाळा बरा जातो, पण हिवाळ्यात इंजिन कोमटच राहते आणि कार्बोरेटरला शेजारधर्माची ऊब मिळत नाही. नवी झडप आम्ही बसवून घेतली. तीन हजारांच्या मानाने तिची किंमत सांगायलाही लाज वाटावी इतकी किरकोळ होती.

आता पहाटे गाडी सुरू करण्याविषयी. थंडीत बॅटरीही आळसावते आणि इंजिनातले तेल खोबरेलासारखे जड होते, म्हणून आपण तिला एकदम हैराण करायचे नाही. दिवे, पंखा, सगळे बंद. चोकची खुंटी पूर्ण ओढायची. चोक म्हणजे कालवणात पेट्रोल वाढवणे, कारण गारठ्यात थोड्याच पेट्रोलची वाफ होते, तर जास्त द्या म्हणजे होईल तेवढी पुरेल. आमच्या गाडीला सोलेक्सचा कार्बोरेटर आहे. त्यात चोकसाठी वेगळी छोटी वाट असते, आणि अॅक्सिलरेटरवर पाय ठेवला की तिची ओढ जाते. म्हणून चावी फिरवताना पाय बाजूला! पुष्कळ पुरुषांना ही गोष्ट पटत नाही, ते पंप मारल्यासारखा पाय मारत राहतात, आणि मग प्लग भिजले की गाडीला नावे ठेवतात. सात-आठ सेकंद चावी धरायची. नाही झाली तर अर्धा मिनिट बॅटरीला विसावा, मग पुन्हा. इंजिन पेटले की खुंटी अर्धी आत, आणि हायवेला लागून एखादा किलोमीटर गेलो की पूर्ण आत. चोक ओढलेलाच राहिला तर मागून काळा धूर निघतो, प्लगांवर काजळी धरते, आणि न जळलेले पेट्रोल इंजिनाच्या आतल्या अंगावरचे तेल धुऊन नेते. शिवाय पेट्रोलचा तो वास! सासूबाईंना आधीच मळमळ असते.

आणि एक विनंती, अगदी कळकळीची. गाडी गरम होऊ दे म्हणून बंद गॅरेजमध्ये किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस झोपेतच जातो. चोक ओढलेला असताना तो जास्तच तयार होतो. गाडी आधी अंगणाबाहेर मोकळ्यावर घ्यायची. तशीही उभ्याउभ्या ती लवकर तापत नाही. मिनिटभर थांबून सावकाश चालू लागावे, चालता चालता तापते. इंजिनावर पोते टाकून ठेवणारेही मी पाहिले आहेत. कृपा करून तसे करू नका. अण्णा गिरणीचे इंजिन थंडीत चिंध्या पेटवून तापवत, पण ते जाड तेलाचे. इथे पेट्रोल आहे.

पेट्रोलवरून आठवले. आता पंपावर जे पेट्रोल मिळते त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, उसाच्या मळीपासून किंवा धान्यापासून काढलेले. शेतकऱ्यांचे भले होत असेल तर आनंदच आहे. पण आपल्या जुन्या गाडीच्या दृष्टीने दोन गोष्टी कळायला हव्यात. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या अडीचपट उष्णता लागते, म्हणजे कार्बोरेटरचा गळा अधिकच गारठतो आणि पहाटे गाडी सुरू व्हायला जड जाते. शिवाय त्याला हवा पेट्रोलपेक्षा कमी लागते, त्यामुळे जुन्या मापाचे कालवण पातळ पडते. आमच्या मिस्त्रींनी कार्बोरेटरचा स्क्रू किंचित फिरवून ते जुळवून दिले. दुसरे म्हणजे जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, चिरतात. आमच्या सगळ्या बदलून घेतल्या. तापलेल्या मॅनिफोल्डजवळ पेट्रोलचा एक थेंबही गळता कामा नये, इथे काटकसर चालणार नाही.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा गाडी विकून टाका, असे आमच्या धाकट्या भावजींचे मत. ते पुण्याला असतात आणि त्यांच्याकडे नवी गाडी आहे, बटण दाबले की सुरू होणारी. नव्या गाड्यांत कार्बोरेटरच नसतो, यंत्रातला मेंदू मोजून पेट्रोल देतो, त्यांना यातले काही लागत नाही. मला त्यांचे म्हणणे पटत नाही असे नाही. पण आमच्या मिळकतीत डायलिसिस आणि गाडीचा हप्ता एकत्र बसत नाही, हा साधा हिशोब. पद्मिनीला मागणी आहे, नाही असे नाही. लग्नाआधीचे फोटो काढायला ती भाड्याने मिळेल का, असे विचारायला एक मुलगा दोनदा येऊन गेला. "काकू, व्हिंटेज आहे तुमची गाडी!" २०२१ च्या सरकारी नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणवून घ्यायला पन्नास वर्षे पुरी व्हावी लागतात, तेव्हा अजून काही वर्षे ती नुसतीच म्हातारी आहे. दर पाच वर्षांनी तिची तपासणी होते, नोंदणी पुढे सरकते आणि पर्यावरणाचा कर भरावा लागतो. तो आम्ही भरतो. तिला नवरानवरीबरोबर फोटोत उभी करायला सासूबाईंची हरकत नाही, फक्त सोमवार, बुधवार, शुक्रवार सोडून.

गेल्या वर्षी डिसेंबरच्या अखेरीस डबा बसला. पहिल्या पहाटे मी सोमाटणे येईपर्यंत श्वास धरूनच होते. फाटा गेला, देहूरोड गेले, निगडीचे दिवे दिसू लागले, तरी इंजिनाचा सूर बदलला नाही. सात वाजायला दहा मिनिटे असताना आम्ही दवाखान्याच्या दाराशी होतो. त्या रात्री सासूबाई एका उशीवर झोपल्या. नंतरच्या सबंध जानेवारीत गाडी एकदाही वाटेत बंद पडली नाही, आणि धुके तर गेल्या जानेवारीत काही कमी नव्हते.

यंदा तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी नळी चढवली. मुलाने टॉर्च धरला, क्लिपा मी आवळल्या, अण्णा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. आता निघायच्या वेळी ते दारात येऊन विचारतात, "डबा बसवला का?" मी म्हणते, "हो अण्णा." गाडी सुरू होईपर्यंत ते पुन्हा विचारतात. मग मागच्या सीटवरून सासूबाई ओरडतात, "बसवलाय हो, केव्हाच बसवलाय! आता घरात जा आणि दार लावून घ्या, गारठ्यात उभे राहू नका."